नोंदवहीत नसलेला रकाना

वाहत्या पाण्याला दोष नसतो, अशी आपली जुनी समजूत आहे. एके काळी ती निराधारही नव्हती. नदीत पडणारी घाण माणसांच्या आणि गुराढोरांच्या नित्य व्यवहारातून येणारी होती, वस्ती विरळ होती आणि पात्राला पाणी होते. ऊन, वारा, वाळू आणि पाण्यातील असंख्य सूक्ष्म जीव मिळून ती घाण मोडून टाकीत, आणि चार कोस खालच्या गावाला पुन्हा बऱ्यापैकी स्वच्छ पाणी मिळे. आज आपण नदीत ज्या वस्तू सोडतो आहोत त्यांतल्या दोन मात्र अशा आहेत, की त्यांच्यापुढे नदीचा हा जुना गुण चालत नाही. एक म्हणजे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. ते कुजत नाहीत, केवळ अधिकाधिक बारीक होत जातात. दुसरी म्हणजे प्रतिजैविक औषधांना दाद न देणारे जिवाणू. ते वाहत जाताना कमी होण्याऐवजी वाढूही शकतात. या दोहोंची पाण्यात गाठ पडते तेव्हा काय होते, आणि त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हा प्रश्न आता केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. तो अर्थशास्त्राचा आहे, नगरकारभाराचा आहे, आणि पनवेलसारख्या गावात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा आहे.

निळ्या कुत्र्यांचा धडा

पनवेलकरांना पाण्याचे मोल नव्याने सांगावयास नको. गाढी, काळुंद्रे आणि कासाडी या नद्या, वडाळे आणि कृष्णाळे यांसारखे तलाव, आणि शेवटी खाडी, अशा जलसंपन्न भूमीवर हे गाव वसले. तरीही देहरंगचे धरण उन्हाळ्यात तळ गाठते आणि टँकरची वाट पाहण्याची पाळी येते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजे हा सारा विस्तार एका कारभाराखाली आला. म्हणजे ज्या नद्यांचे पाणी आपण पूर्वी केवळ पाहत होतो, त्यांची जबाबदारीही आता बऱ्याच अंशी आपल्या नगराची झाली.

या नव्या कारभाराला एक वर्षही पुरे झाले नव्हते, तोच ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे कुत्रे हिंडताना लोकांनी पाहिले. पंचतंत्रातील निळीच्या पिंपात पडलेला कोल्हा लहानपणी सर्वांनीच ऐकलेला. येथे ती गोष्ट रस्त्यावर अवतरली होती. छायाचित्रे देशोदेशी छापली गेली, प्राणिमित्रांनी तक्रार केली, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. ही कारवाई योग्यच होती. पण ती का होऊ शकली, याचा विचार करणे अधिक उपयोगाचे आहे. रंग दिसला म्हणून कारवाई झाली. रंगाऐवजी रंगहीन द्रव्य असते, तर कुत्रे कुत्र्यांसारखेच दिसले असते आणि कारखाना चालूच राहिला असता.

कासाडीच्या काठच्या आणि खाडीवरच्या कोळी बांधवांची तक्रार याहून पुष्कळ जुनी आहे. मासळी घटली, जाळ्यात येणाऱ्या मासळीला रसायनाचा वास येऊ लागला, हे ते वर्षानुवर्षे सांगत आले. अखेर २०१८ साली हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या कामगिरीची तेथे चिकित्सा झाली आणि अंतरिम भरपाईची रक्कम जमा करण्याचे आदेश निघाले. या खटल्यात जे आकडे मांडले गेले ते मुख्यतः पाण्याची आम्लता, त्यातील घाण कुजताना आणि रासायनिक रीत्या मोडताना किती प्राणवायू खर्ची पडेल याचे प्रमाण, तरंगणारा गाळ, अशा स्वरूपाचे होते. कायद्याने जे मोजायचे ठरवले आहे, तेच मोजले गेले. माझा मुद्दा येथूनच सुरू होतो.

रुग्णाचा कागद आणि नदीचा कागद

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका लिपिकाच्या आईला दोन वर्षांपूर्वी मूत्रमार्गाचा साधा संसर्ग झाला. पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरा व्हावा असा हा विकार. पण पहिली गोळी चालली नाही, दुसरी चालली नाही. मग लघवीची तपासणी झाली आणि प्रयोगशाळेचा एक कागद हाती आला. त्यावर वीस-बावीस औषधांची नावे एकाखाली एक लिहिलेली होती आणि पुढच्या रकान्यात जिवाणू त्या त्या औषधाला दाद देतो की नाही, याची नोंद होती. बहुतेक औषधांपुढे ‘दाद देत नाही’ अशाच अर्थाचे अक्षर होते. उरलेली दोन औषधे शिरेतून द्यावयाची, दवाखान्यात राहून घ्यावयाची आणि महाग. म्हातारी बरी झाली, हे सुदैव. पण चिरंजीवांनी पतपेढीतून काढलेले कर्ज अजून फिटायचे आहे.

हा जिवाणू तिच्या शरीरात कोठून आला, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पाण्यातून, अन्नातून, दवाखान्यातून, किंवा पूर्वी अर्धवट घेतलेल्या औषधांमुळे, कशानेही तो आलेला असू शकेल. म्हणून मी कोणा कारखान्यावर किंवा कोणा नदीवर आरोप करीत नाही. मला खटकली ती दुसरीच गोष्ट. त्या रुग्णाच्या कागदावर प्रतिरोधाचा रकाना होता. नदीच्या कागदावर तो नाही. आपल्या नद्यांचे पाणी नियमितपणे तपासले जाते, त्याचे तक्ते प्रसिद्धही होतात. त्यांत आम्लता असते, विरघळलेला प्राणवायू असतो, विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंची संख्याही असते. परंतु ते जिवाणू कोणत्या औषधाला जुमानतात आणि कोणत्याला नाही, पाण्यात प्रतिजैविकांचे अवशेष किती, प्लास्टिकचे कण किती, यांसाठी त्या नेहमीच्या तक्त्यात जागाच ठेवलेली नाही. कार्यालयात काम करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते, की नोंदवहीत ज्याचा रकाना नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही.

पाण्यात काय घडते

मुळात प्रतिरोध ही निसर्गाचीच चाल आहे. औषधाने शंभरांतले नव्व्याण्णव जिवाणू मारले आणि एक चिवट निघाला, तर पुढची पिढी त्या एकाची असते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच हा इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने औषध घेतल्यास जिवाणू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. पुढे १९५९ साली जपानमधील संशोधकांनी आमांशाच्या जिवाणूंवर काम करताना याहून चिंताजनक गोष्ट दाखवून दिली. प्रतिरोधाचा गुण केवळ पिढीकडून पिढीकडे जात नाही. एक जिवाणू तो शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. शाळेतील एका मुलाने पाठ केलेले उत्तर साऱ्या वर्गाला पुरवावे, तसा हा प्रकार आहे.

आता सांडपाण्याचा विचार करा. आपण घेतलेल्या अनेक प्रतिजैविकांचा मोठा भाग शरीरात न मोडता बाहेर पडतो. रुग्णालये, कोंबड्यांचे फार्म, औषधांचे कारखाने, घरातून मोरीत टाकलेल्या जुन्या गोळ्या, या साऱ्यांची भर त्यात पडते. पाण्यात पोहोचलेली मात्रा जिवाणूंना मारण्याइतकी मोठी नसते, पण त्यांना सराव देण्याइतकी पुरते. त्यात कारखान्यांतून जड धातू आले, तर तेही हाच परिणाम साधू शकतात. कारण धातूला टिकून राहण्याचा आणि औषधाला टिकून राहण्याचा गुण जिवाणूंमध्ये पुष्कळदा एकत्रच वस्तीला असतो.

या गर्दीत प्लास्टिकचे कण येतात. पाच मिलिमीटरांहून लहान असलेल्या या कणांना ‘मायक्रोप्लास्टिक’ हे नाव मिळाले ते २००४ साली, ब्रिटनमधील रिचर्ड थॉम्पसन यांच्या संशोधनामुळे. ते कोठून येतात, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. धुतलेल्या प्रत्येक टेरिलीन-पॉलिस्टरच्या कपड्यातून तंतू सुटतात. पनवेलवरून रात्रंदिवस धावणाऱ्या वाहनांची चाके झिजतात आणि ती धूळ पहिल्या पावसात गटारात उतरते. पिशव्या, बाटल्या, मासळीच्या बाजारातील थर्मोकोलची खोकी उन्हाने ठिसूळ होऊन चुरा होतात. पाण्यात पडलेल्या या कणांवर जिवाणू बुळबुळीत थर धरून दाटीवाटीने राहू लागतात. एरवी पाण्यात विखुरलेले जिवाणू येथे शेजारी-शेजारी येतात, आणि गुणांची देवघेव सोपी होते. कण औषधांचे आणि धातूंचे अंशही आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. शिवाय तो तरंगत दूर जातो. म्हणजे एकाच वस्तूत चाळ, शाळा आणि वाहन या तिन्ही सोयी झाल्या.

२०२५ साली अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या आतड्यांत सापडणाऱ्या ई-कोलाय या जिवाणूला प्लास्टिकच्या कणांच्या सहवासात वाढवून पाहिले. चार वेगवेगळ्या प्रतिजैविकांविरुद्ध त्याचा प्रतिरोध वाढला, आणि काही बाबतींत कण व औषध काढून घेतल्यावरही तो टिकून राहिला. हा प्रयोगशाळेतील निष्कर्ष आहे; त्यावरून अमुक नदीकाठी इतकी माणसे आजारी पडतील असे गणित मांडणे उतावीळपणाचे होईल. पण धोक्याची दिशा त्यातून पुरेशी स्पष्ट होते.

दूरचे आणि जवळचे दाखले

भारतातील नद्या-नाल्यांविषयीचे दाखले प्रयोगशाळेबाहेरचे आहेत. २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी तेथे येत असे. ‘प्रक्रिया’ झालेल्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. २०११ साली दिल्लीत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत, आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत, अखेरच्या फळीतील औषधांना निष्प्रभ करणारे जनुक सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्या वेळी आपल्याकडे वाद माजला तो जनुकाला दिल्लीचे नाव का दिले यावर. नळाच्या पाण्याची चर्चा त्या मानाने मागे पडली.

महाराष्ट्रातील दाखला पुण्याच्या मुठेचा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुठेच्या गाळातील प्रतिरोधक जनुकांचे प्रमाण शहराच्या वर आणि शहरात असे ताडून पाहिले गेले. शहरात ते तीसपटींपर्यंत वाढलेले आढळले, आणि त्यांत अखेरच्या फळीतील औषधांविरुद्धचे जनुकही होते. हे लक्षात घेण्याजोगे आहे, की संशोधकांनी याचे खापर औषध कारखान्यांवर फोडलेले नाही. शहराचे प्रक्रिया न झालेले मैलापाणी हेच त्यांनी दाखवलेले कारण. तेव्हा तळोज्याच्या धुराड्यांकडे बोट दाखवून आपण, मध्यमवर्गीय पनवेलकर, मोकळे होऊ शकत नाही. आपल्या न्हाणीघरापासून खाडीपर्यंतची वाटही याच हिशेबात धरावी लागेल.

राज्याचा एकंदर ताळेबंद काय सांगतो? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार देशातील शहरांत दररोज सुमारे ७,२३६ कोटी लिटर सांडपाणी निर्माण होते आणि त्यांपैकी प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती सुमारे २,०२३ कोटी लिटरांवर. महाराष्ट्रात रोजचे सांडपाणी सुमारे ९१० कोटी लिटर, तर उभारलेल्या केंद्रांची क्षमता सुमारे ६८९ कोटी लिटर. याच मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभर ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. २०२२ च्या यादीत देशाची संख्या ३११ वर उतरली आणि आपली ५५ वर चढली. दोन्ही वेळा पहिला क्रमांक आपलाच. जल प्रदूषण रोखण्यासाठी ज्या राज्याने केंद्राच्या १९७४ च्या कायद्याची वाट न पाहता १९६९ सालीच स्वतःचा कायदा केला, त्याला हे भूषणावह नाही.

खर्च कोणाचा, खाते कोणाचे

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आम्ही पिगू यांचा सिद्धांत शिकवतो. १९२० साली आपल्या ग्रंथात त्यांनी खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील भेद विशद केला. कारखानदार कच्चा माल, मजुरी, वीज यांचे पैसे देतो. पण त्याच्या सांडपाण्याने मासळी मेली तर तिची किंमत कोळी देतो. ती कारखान्याच्या जमाखर्चात येत नाही, म्हणून माल स्वस्त दिसतो. तो स्वस्त नसतो; त्याच्या किमतीचा एक भाग दुसऱ्याच्या चुलीवरून उचललेला असतो. उपाय म्हणून पिगू यांनी असा खर्च करणाऱ्यावर कर बसवावा असे सुचवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या खटल्यात ‘प्रदूषण करील तो भरपाई देईल’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले, ते याच विचाराला धरून.

परंतु हे तत्त्व लागू करण्यासाठी मोजमाप लागते. मासळी मेली तर ती तरंगते, कुत्रा निळा झाला तर तो दिसतो. प्रतिरोधक जिवाणू मात्र आज नाल्यात तयार होतो, काही वर्षांनी कोठल्या तरी दूरच्या गावातील बाळंतिणीच्या किंवा म्हाताऱ्याच्या शरीरात प्रकट होतो, आणि त्याचे बिल तेथील कुटुंब भरते. २०१९ या एका वर्षात जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे थेट झालेले मृत्यू जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. यांतल्या एकाही मृत्यूचा खर्च कोणा उत्पादकाच्या वहीत नाही.

याला आणखी एक बाजू आहे. औषधाची परिणामकारकता ही कोळशासारखी किंवा भूगर्भातील पाण्यासारखी संपणारी संपत्ती आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा स्वस्त पेनिसिलिन गरिबाच्या दारी पोहोचवण्याचे स्वप्न त्यामागे होते. ते स्वप्न पुष्कळ अंशी खरेही झाले. आज नवे प्रतिजैविक शोधणे खर्चिक आणि कमी नफ्याचे ठरत असल्याने बड्या कंपन्यांनी त्या संशोधनातून अंग काढले आहे. म्हणजे पूर्वजांनी भरलेले कोठार आपण उपसतो आहोत, भर मात्र थोडी पडते आहे. हे कोठार गावच्या गायरानासारखे सर्वांचे आहे. आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, या न्यायाने ते उजाड होण्याची भीती आहे.

मात्र सामायिक संपत्ती उजाड होणे हे काही अटळ विधिलिखित नव्हे. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगातील अनेक गावांचा अभ्यास करून दाखवले, की नियम स्पष्ट असतील, त्यांवर वापरणाऱ्यांचीच देखरेख असेल आणि मोडणाऱ्याला दंड होत असेल, तर लोक गायराने, जंगले आणि मासळी पिढ्यान् पिढ्या टिकवतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवण्याची रीत कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. आज १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदी त्याच शहाणपणाचे रूप आहे. ज्या समाजाने समुद्राला विसावा द्यावयास शिकवले, त्याच्याच खाडीत आपण नियम नसलेला कचरा सोडावा, हे न्याय्य नाही.

आक्षेप आणि उत्तरे

यावर पहिला आक्षेप येतो तो स्वस्त औषधाचा. नियम कडक केले तर औषधे महागतील आणि गरीब मरेल, असे सांगितले जाते. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा घालणारा मसुदा प्रसिद्ध केला होता. जगात अशा मर्यादा घालू पाहणाऱ्या पहिल्या काही देशांत आपली गणना झाली असती. पण ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा त्या मर्यादा तिच्यातून वगळलेल्या होत्या. स्वस्त औषधाचे महत्त्व माझ्यासारख्या मध्यमवर्गीयाला कोणी पटवून देण्याची गरज नाही. परंतु जे औषध लागू पडत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी महागच. आमच्या लिपिकाला दहा रुपयांच्या गोळीने जे वाचवले असते, त्यासाठी कर्ज काढावे लागले, तेथे स्वस्ताई कोणाची झाली?

दुसरा आक्षेप पैशाचा. प्रगत प्रक्रिया केंद्रे श्रीमंत देशांनाच परवडतात, असे म्हणतात. ओझोन किंवा कोळशाचा वापर करून सांडपाण्यातील औषधांचे अंश काढण्याची योजना स्वित्झर्लंडने २०१६ पासून राबविली; तिच्या खर्चासाठी दर माणशी वर्षाला जास्तीत जास्त नऊ फ्रँक इतका आकार ठरवला. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या नव्या नियमांत अशा प्रक्रियेच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या उत्पादकांवर टाकला आहे. आपल्याला उद्याच हे सारे जमेल, असे मी म्हणत नाही. आपली पहिली पायरी साधी आहे. प्रत्येक घराचे मैलापाणी केंद्रापर्यंत पोहोचावे आणि केंद्र बंद न पडता चालावे, एवढी ती आहे. त्याने प्रतिरोध पूर्ण थांबणार नाही. पण त्याचा ओघ पुष्कळ घटेल, आणि कावीळ, अतिसार, विषमज्वर हटल्याने तो खर्च तसाही वसूल होईल. आजार कमी, तर प्रतिजैविकेही कमी लागतील.

तिसरा आक्षेप शास्त्राच्या अपुरेपणाचा. प्रतिरोधाचे सर्वांत मोठे कारण औषधांचा गैरवापर आहे आणि प्लास्टिकचा वाटा अजून नेमका ठरलेला नाही, हे म्हणणे खरे आहे. पण वाटा ठरलेला नाही म्हणून मोजायचे नाही, आणि मोजत नाही म्हणून वाटा ठरत नाही, या चक्रात आपण किती काळ फिरणार? घराला आग लागणारच याची खात्री नसतानाही माणूस विमा उतरवतो. येथे तर धूर दिसू लागला आहे.

काय व्हावे

मागण्या मोठ्या नाहीत. तळोज्याच्या सामायिक केंद्राचे बाहेर पडणारे पाणी, महानगरपालिकेच्या मैलापाणी केंद्रांचे पाणी, गाढी आणि कासाडी यांचे पाणी व खाडीतील गाळ, या ठिकाणी ठरावीक मुदतीने प्रतिजैविकांचे अवशेष, प्रतिरोधक जिवाणू आणि प्लास्टिकचे कण मोजले जावेत. ते आकडे सोप्या मराठीत प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावेत. २०२१ साली वगळलेल्या मर्यादा केंद्राने परत आणाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूत्रे दिलेली असल्याने आता ‘मापदंडच नाहीत’ ही सबब उरलेली नाही. २०१८ साली राज्याने घातलेली प्लास्टिकबंदी आणि २०२२ ची देशव्यापी बंदी बाजारात गेल्यावर आठवत नाहीत, ती आठवण दंडाने आणि पर्यायी पिशव्यांनी करून द्यावी.

उरलेले आपल्याकडे आहे. सर्दीला प्रतिजैविक लागत नाही, हे शिक्षकाने वर्गात सांगावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध मागू नये, आणि १ मार्च २०१४ पासून अशा अनेक औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे, हे ग्राहकाने त्याला नम्रपणे आठवून द्यावे. उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नयेत. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी गाढीचे पाणी काचपट्टीवर घेऊन पाहावे, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी घराघरांतील औषधांचा खर्च टिपावा. शहाण्या नागरिकत्वाची सुरुवात अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या टिपणांतूनच होते.

आपल्याच जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी पिऊन सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध केले. माणुसकीचा तो हक्क मोठ्या किमतीने मिळाला. पण सर्वांचे असलेले पाणी पिण्याजोगे राहिले नाही, तर ज्याला ऐपत आहे तो बाटली विकत घेईल आणि ज्याला नाही तो तेच पाणी पिईल. म्हणजे पाण्याकाठी पुन्हा एक नवी उतरंड उभी राहील. ती टाळावयाची असेल, तर आधी हिशेब मांडला पाहिजे. हिशेब मांडण्यासाठी नोंद पाहिजे, आणि नोंदीसाठी रकाना. तो आखण्यास एक रेघ पुरते. ती ओढण्याचा आग्रह महानगरपालिकेच्या सभेत, ग्रामसभेत, महाविद्यालयात आणि कचेरीत आपण धरला नाही, तर कासाडीचा तक्ता दरमहा नीटनेटका भरला जाईल, आणि त्यात लिहायला हवे होते ते आपल्या घरातील माणसांच्या तपासणीच्या कागदावर लिहून येत राहील.